मास्टर विनायक : डब्यात राहिलेले हसू

पेण तालुक्यातील गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे जन्मलेल्या या मुलाचे पाळण्यातले नाव विनायक. वयाच्या दहाव्या वर्षी त्याने आजन्म ब्रह्मचर्य पाळण्याचा संकल्प सोडला आणि तो अखेरपर्यंत निभावला. त्याच सुमारास, १९ जानेवारी १९०६ रोजी, कोल्हापुरात आणखी एक विनायक जन्माला आला. या दुसऱ्या विनायकाने पुढे, १९३८ साली, असाच संकल्प करून बसलेल्या एका सामान्य तरुणाची जी काही त्रेधातिरपीट उडते ती पडद्यावर आणली आणि सारा महाराष्ट्र हसवला. चित्रपटाचे नाव होते 'ब्रह्मचारी'. पहिला विनायक महाराष्ट्राला पाठ आहे. दुसऱ्याची, म्हणजे विनायक दामोदर कर्नाटकी उर्फ मास्टर विनायक यांची, आठवण मात्र आता तीन वाक्यांत आटोपते. अभिनेत्री नंदा यांचे ते वडील, पोरक्या झालेल्या मंगेशकर भावंडांना त्यांनी आधार दिला आणि मीनाक्षी शिरोडकर यांना पोहण्याच्या पोशाखात त्यांनी पडद्यावर आणले. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण मराठी बोलपटाला हसायला शिकवणाऱ्या या माणसाने नेमके काय केले, हे त्यातल्या एकाही वाक्यातून कळत नाही.

जुन्या कृष्णधवल चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. त्यात विनोदी चित्रपटांची पाळी सहसा उशिरा येते. संतपट, पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक अशी उतरंड आपण मनाशी लावून ठेवली आहे आणि तिच्या तळाशी विनोद बसलेला असतो. विनायकरावांचे आयुष्य पाहिले तर ही उतरंड किती फसवी आहे ते लक्षात येते.

कर्नाटकी घराणे सिनेमाच्या ऐन मध्यात होते. बाबूराव पेंढारकर आणि भालजी पेंढारकर हे विनायकरावांचे सावत्र भाऊ, वासुदेव कर्नाटकी हे छायालेखक बंधू आणि व्ही. शांताराम हेही नात्यातलेच. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे चित्रपटांची शाळाच होती. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी 'प्रभात'ची स्थापना केली आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा त्यांचा पहिला बोलपट आला. त्यात नारदाच्या भूमिकेत विनायकराव होते. गोड गळा, देखणा चेहरा आणि स्वच्छ वाणी असलेला हा तरुण नट 'प्रभात'मध्येच राहिला असता तर कदाचित एक चांगला गायक नट एवढीच त्याची ओळख उरली असती. परंतु 'प्रभात' १९३३ साली पुण्यास गेली. पेंढारकर बंधूंनी कोल्हापूर सिनेटोनचा मार्ग धरला आणि विनायकराव त्यांच्याबरोबर राहिले. तिथे 'विलासी ईश्वर' या चित्रपटाने ते दिग्दर्शक झाले. शोभना समर्थ यांचे पडद्यावरील पदार्पण याच चित्रपटातले.

१९३६ साली विनायकराव, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनी हंस पिक्चर्स काढली. या कंपनीची खरी श्रीमंती पैशाची नव्हती, ती लेखकांची होती. एका बाजूला वि. स. खांडेकर आणि दुसऱ्या बाजूला आचार्य अत्रे! एक भावनेचा आणि ध्येयवादाचा उपासक, तर दुसरा ढोंगाची टोपी उडवण्यात रमणारा. दोघांना एकाच कंपनीत नांदवणे हे सोपे काम नव्हे. 'हंस'चा आरंभ खांडेकरांच्या 'छाया'ने झाला. पुढच्याच वर्षी अत्र्यांचा 'धर्मवीर' आला आणि धर्माच्या नावाने चालणाऱ्या दांभिकतेची त्यात यथेच्छ हजेरी घेतली गेली. १९३८ साली 'हंस'ने खांडेकरांच्या कथेवर 'ज्वाला' हा खर्चिक चित्रपट काढला आणि तो कोसळला. विनायकरावांचे मन गंभीर, भव्य असे काही करण्याकडे ओढ घेत असे आणि यश मात्र त्यांना हलक्याफुलक्या चित्रपटांनी दिले. हा पेच त्यांना जन्मभर सुटला नाही, असे त्यांच्या चित्रपटांची यादी वाचताना वाटत राहते.

'ज्वाला'च्या धक्क्यातून कंपनीला वर काढले ते 'ब्रह्मचारी'ने. कथा अत्र्यांची. औदुंबर नावाचा एक साधा तरुण एका देशभक्ताचे ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकतो आणि पेटून उठतो. खोलीत लावलेली सिनेमानट्यांची चित्रे तो फेकून देतो, शरीर कमावण्याच्या मागे लागतो आणि स्वावलंबनाचा पाठ देणाऱ्या एका संस्थेत दाखल होतो. मग त्याच्या आयुष्यात किशोरी येते. व्रताचे पुढे काय होते हे सांगायला नको.

आज हे कथानक साधे वाटेल. १९३८ साली ते तसे नव्हते. गावोगावी आखाडे निघत होते, ब्रह्मचर्याची पुस्तके हातोहात खपत होती, देशसेवेसाठी संसाराचा त्याग करावा अशी व्याख्याने शाळा-कॉलेजांतून होत होती. या वातावरणात खरी तपस्या करणारी माणसेही होती आणि विनोबा त्यांत अग्रणी होते. 'ब्रह्मचारी'चा रोख अशा माणसांवर नाही. दुसऱ्याचे व्रत उसने आणून स्वतःच्या अंगावर चढवणारा आणि ते अंगाला बसत नाही म्हणून गोंधळणारा तरुण हा त्याचा विषय आहे. म्हणूनच त्यात कडवटपणा नाही. औदुंबराला हसता हसता प्रेक्षक स्वतःलाच हसतो.

औदुंबर स्वतः विनायकरावांनी केला. विनोदी नट म्हटला की वेडेवाकडे अंगविक्षेप, फेंगडी चाल असे समीकरण तेव्हाही होते. विनायकरावांनी यातले काही केले नाही. नायकाला शोभेल असा देखणा चेहरा अतिशय गंभीर ठेवून ते वावरतात आणि त्या गांभीर्यातूनच हसू फुटते. औदुंबर स्वतःला कधीच विनोदी समजत नाही. त्यांच्या भोवती दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्यासारखी नाटकात मुरलेली माणसे होती. दामुअण्णांचे तिरळे डोळे हेच त्यांचे भांडवल! ते कोणाकडे पाहत आहेत हे कळू न देता ते समोरच्याला गारद करीत. या नटांना रंगभूमीवरचा वरचा सूर सोडून कॅमेऱ्यासमोरच्या खालच्या सुरात बोलायला लावणे हे दिग्दर्शकाचे काम होते आणि ते विनायकरावांनी चोख केले.

राहता राहिले ते गाणे. दादा चांदेकरांच्या संगीतातले, पाण्यात उतरलेल्या किशोरीचे. मीनाक्षीबाईंच्या त्या पोशाखाने तेव्हा गहजब उडाला आणि त्याची चर्चा आजतागायत संपलेली नाही. दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम असोत की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, 'ब्रह्मचारी'चा उल्लेख त्या पोशाखापाशी येऊन थांबतो. खरे तर ते दृश्य कथेच्या नेमक्या सांध्यावर आहे. व्रताच्या भिंतीला पहिला तडा तिथे जातो. त्याआधीचा औदुंबराचा सगळा खटाटोप पाहिला नसेल तर ते गाणे नुसती एक धिटाई ठरते. पूर्ण चित्रपट पाहिलेल्याला मात्र ते दृश्य गमतीचे वाटते.

'ब्रह्मचारी'पाठोपाठ १९३९ साली 'ब्रँडीची बाटली' आला. यात नायकाची जागा थेट दामुअण्णांना दिली, हे विनायकरावांचे धाडस. बगाराम नावाचा भोळा कारकून, ज्याने आयुष्यात दारूकडे वळून पाहिलेले नाही, त्याच्यावर औषधासाठी ब्रँडीची बाटली मिळवून आणण्याची वेळ येते आणि तो शहरभर हिंडतो. मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदी आणली तेही हेच वर्ष. विषय घरोघरी बोलला जाणारा होता आणि चित्रपटाने तो अलगद उचलला. त्यानंतर १९४० चा 'लग्न पहावे करून'. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ यात पहिल्यांदा पडद्यावर आले. दामुअण्णा झाले चिमणराव आणि विष्णुपंत जोग झाले गुंड्याभाऊ. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी रंगवली ती १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात. आज चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या वाचकांना तीच आठवत असेल. तिची पूर्वपीठिका विनायकरावांच्या चित्रपटात आहे.

हे चित्रपट मोठ्या शहरांतले खेळ आटोपले की लहान गावांकडे निघत. पेण आणि रोहे तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. रायगड हे नाव १९८१ साली आले. रेल्वेही रोह्यापर्यंत पोहोचली ती १९८० च्या दशकात. विनायकरावांच्या काळी मुंबईहून या भागात यायचे तर धरमतरच्या खाडीतून बोटीने, नाही तर घाटरस्त्याने वळसा घालून. सिनेमाची प्रत अशा ठिकाणी पोहोचेपर्यंत अनेक गावांच्या यंत्रांतून फिरून आलेली असे. प्रत्येक यंत्राने तिच्यावर आपली रेघ ओढलेली, कडेची भोके फाटलेली, तुटलेली जागा कापून पुन्हा चिकटवलेली.

इथे थोडे तांत्रिक सांगितले पाहिजे, कारण विनोदी चित्रपटांचे दुखणे त्यातच आहे. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका फुटात सोळा चित्रे असतात आणि पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. म्हणजे दीड फूट फीत कापली की एक सेकंद गेला. हजार फुटांचे एक रीळ अकरा मिनिटे चालते. फीत तुटण्याचे प्रमाण रिळाच्या आरंभी आणि शेवटी सर्वांत जास्त, कारण यंत्रात ती तिथे ओवली जाते. शोकपटातला एखादा सेकंद गेला तर प्रेक्षकाच्या डोळ्यांतले पाणी आटत नाही. विनोदाचे तसे नाही. प्रश्न, क्षणभर शांतता आणि मग उत्तर, अशी त्याची मोजणी असते. मधली शांतता कापली गेली की उत्तर प्रश्नावर आदळते आणि सभागृह गप्प राहते. प्रेक्षक म्हणतो की जुना विनोद आता शिळा झाला. दोष विनोदाचा नसतो, हरवलेल्या दीड फुटाचा असतो. दामुअण्णांच्या डोळ्यांचेही तेच. खरवडलेल्या, पांढुरक्या पडलेल्या प्रतीवर ते डोळे नुसते दोन काळे ठिपके होतात, आणि अत्र्यांच्या संवादातला शब्द फितीच्या कडेवरच्या ध्वनिपट्टीतील खरखरीत बुडाला तर उरते काय?

त्यात या फिती नायट्रेटच्या. १९५० च्या आसपास सुरक्षित फीत रूढ होईपर्यंत सगळे चित्रपट सेल्युलोज नायट्रेटवर निघत. हा पदार्थ भडकन पेटतो आणि एकदा पेटला की विझवता येत नाही. पेटला नाही तरी दमट हवेत तो हळूहळू विरघळतो, चिकट होतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. चांदीसाठीही कित्येक फिती वितळवल्या गेल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली. तोवर विनायकरावांना जाऊन सतरा वर्षे झाली होती. या मधल्या काळात जुन्या चित्रपटांचा वाली कोणी नव्हता. 'प्रभात'चे चित्रपट निदान एका नावाखाली राहिले. विनायकरावांचे आयुष्य प्रभात, कोल्हापूर सिनेटोन, हंस, नवयुग आणि प्रफुल्ल अशा पाच कंपन्यांत विभागलेले. कंपनी मिटली की तिचे डबे कोणाचे, हा प्रश्न उभा राही. संग्रहालय झाल्यावरही संकट टळले नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि 'प्रभात'सह अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ फिती त्यात गेल्या. ज्यांच्या नकला सुरक्षित फितीवर आधी उतरवल्या होत्या तेच चित्रपट वाचले.

आता काम कसे चालते? मिळेल ती प्रत उलगडून फूट-फूट तपासायची, फाटलेली भोके हाताने सांधायची, फीत धुवायची आणि मग एकेक चित्र संगणकात उतरवून घ्यायचे. रेघा, डाग, लुकलुक काढायची, आवाजातली खरखर कमी करायची. दोन अर्धवट प्रती सापडल्या तर एकीतला हरवलेला सेकंद दुसरीतून घ्यायचा. सफाईचा अतिरेक झाला तर चेहऱ्यावरचा रंगभूमीचा रंग आणि फितीचा मूळ पोतही पुसला जातो, म्हणून कुठे थांबायचे हे कळणारा माणूस लागतो. हे काम महागडे आणि वेळखाऊ आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा मे २०२२ मध्ये झाली. अत्र्यांचाच 'श्यामची आई' नव्या रूपात २०२३ साली गोव्याच्या इफ्फी महोत्सवात दाखवला गेला, ही समाधानाची गोष्ट. मात्र अत्र्यांनी महाराष्ट्राला रडवले त्याच्या पंधरा वर्षे आधी विनायकरावांच्या साथीने हसवले होते, हेही निवड करणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

'ब्रह्मचारी' सुदैवाने आजही पाहता येतो. तो बहुतेकजण भ्रमणध्वनीच्या वीतभर पडद्यावर एकटे पाहतात. विनोदी चित्रपट एकट्याने पाहणे म्हणजे एकट्याने पत्त्यांचा डाव मांडण्यासारखे आहे. शेजारचा हसला की आपल्याला हसू येते, पुढच्या रांगेत कोणी खुदकन हसले की मागची रांग सावरून बसते. विनायकरावांनी संवादांमध्ये जी जागा सोडली आहे ती या हशासाठी. घरी पाहताना ती जागा रेंगाळल्यासारखी वाटते. फीत चालवणारी जुनी यंत्रे बहुतेक चित्रपटगृहांतून गेली. त्यामुळे एक गोष्ट मात्र सोपी झाली आहे. पूर्वी पेण किंवा रोह्याला जुना चित्रपट दाखवायचा तर जड डबे, चालू यंत्र आणि ते चालवणारा जाणता माणूस अशी तिहेरी जुळवाजुळव करावी लागे. आता साफ केलेली डिजिटल प्रत, बरा प्रक्षेपक आणि चांगले ध्वनिवर्धक एवढ्यावर शाळेच्या सभागृहातही खेळ होऊ शकतो. गणपतीच्या मूर्तींचे गाव म्हणून पेणची ख्याती. भाद्रपद संपला की मूर्तिकारांना थोडी उसंत मिळते. एखाद्या संध्याकाळी त्या गावाने या दुसऱ्या विनायकालाही मखरात बसवून पाहायला हरकत नाही. अट एकच, प्रत पूर्ण हवी. गाण्यापुरती नको.

विनायकरावांच्या उत्तरार्धाकडे वळताना मात्र हसू ओसरते. १९४० साली मोठ्या भांडवलाची नवयुग चित्रपट कंपनी उभी राहिली आणि 'हंस' तिच्यात विलीन झाली. 'अमृत', 'सरकारी पाहुणे' असे चित्रपट निघाले, पण भागधारक आणि संचालक यांच्या ओढाताणीत कलावंताचे मन रमेना. माझ्या मते हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत चुकीचा सौदा. तीन मित्रांची छोटी कंपनी त्यांना मानवत होती. २४ एप्रिल १९४२ रोजी मास्टर दीनानाथ निवर्तले आणि बारा वर्षांच्या लताबाईंवर घर चालवण्याची जबाबदारी आली. विनायकराव स्नेही म्हणून पुढे झाले. 'पहिली मंगळागौर'मध्ये लताबाईंना काम मिळाले. विनायकरावांनी 'नवयुग' सोडून प्रफुल्ल पिक्चर्स काढल्यावर 'माझे बाळ', 'चिमुकला संसार', 'गजाभाऊ' या चित्रपटांत त्या दिसल्या. 'गजाभाऊ' या मराठी चित्रपटासाठी लताबाई आपले पहिले हिंदी गीत गायल्या. १९४५ साली 'प्रफुल्ल'चा मुक्काम कोल्हापूरहून मुंबईला हलला आणि मंगेशकर कुटुंबही मुंबईला आले. पुढचा इतिहास सांगण्याची गरज नाही.

हे उपकार मोठे खरेच. पण त्याच काळात विनायकरावांची स्वतःची वाट अरुंद होत चालली होती. महायुद्धामुळे कच्च्या फितीवर नियंत्रण आले, चित्रपटाच्या लांबीवर मर्यादा पडली. नूरजहाँला घेऊन त्यांनी १९४५ साली 'बडी माँ' हा युद्धप्रचाराला साहाय्य करणारा हिंदी चित्रपट काढला. मग 'सुभद्रा', 'जीवनयात्रा'. हिंदीच्या मोठ्या बाजारात त्यांचे नाव झाले, तरी औदुंबराची ती गंभीर गंमत त्यांत सापडत नाही. अत्रे केव्हाच आपल्या स्वतंत्र वाटेने गेले होते आणि तसा लेखक विनायकरावांना पुन्हा मिळाला नाही.

'मंदिर' या चित्रपटाचे काम चालू असताना १९ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. देश स्वतंत्र होऊन चार दिवस झाले होते आणि त्यांचे वय होते एक्केचाळीस. हाती घेतलेला चित्रपट अर्धा राहिला, घर उघडे पडले. 'मंदिर' पुढे दिनकर द. पाटील यांनी पूर्ण केला आणि तो १९४८ साली प्रदर्शित झाला. त्यात एका बालकलाकाराचे नाव पहिल्यांदाच पडद्यावर आले, बेबी नंदा. विनायकरावांच्या या मुलीने मग घर चालवण्यासाठी चित्रपटांत काम करणे सुरूच ठेवले. 'मंदिर' लागला त्या वर्षी ती नऊ वर्षांची होती.